लागवडीस अयोग्य

सोलापूरहून हैदराबादकडे निघालं की नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदी मागे पडते, आणि थोड्याच वेळात जळकोट येतं. तुळजापूर तालुक्यातलं, राष्ट्रीय महामार्ग ६५ वरचं गाव. या पट्ट्यात गाडीच्या खिडकीतून बाहेर पाहणाऱ्याला दोन गोष्टी सारख्या दिसतात. एक म्हणजे माळ. काळ्या खडकावर वीतभर मुरमाड माती, तिच्यावर गवत, मधेच एखादी बोर नाहीतर बाभूळ. दुसरी म्हणजे प्लॉटिंग. त्याच मुरमावर चुन्याच्या रेघा, सिमेंटचे ठेंगणे खांब, एक कमान आणि रस्त्याच्या कडेला फ्लेक्स: एनए प्लॉट, तीस फुटी रस्ते, लाईट-पाण्याची सोय, निसर्गाच्या सान्निध्यात.

हा मजकूर मराठवाड्यात कुठल्याही हायवेवर वाचायला मिळतो, आणि बहुधा आज मराठीत सर्वाधिक वाचलं जाणारं निसर्गलेखन हेच असावं. तेव्हा त्याची समीक्षा व्हायला हरकत नाही. फ्लेक्सवरच्या चित्रात हिरवंगार लॉन असतं, नारळाची झाडं असतात, कधी कारंजं. म्हणजे निसर्ग म्हणून जे दाखवलंय ते तिथे कधीच नव्हतं, आणि जे तिथे होतं ते चित्र काढणाऱ्याला निसर्ग म्हणून दिसलेलंच नाही. यात फसवणूक आहे असं मात्र मला वाटत नाही. चित्र काढणारा आणि प्लॉट घेणारा दोघंही प्रामाणिकपणे तसंच मानतात. हा समज आला कुठून? माझं म्हणणं असं की तो आपल्या भाषेतून आला, आणि ती भाषा महसूल खात्याइतकीच साहित्यानेही घडवली.

आधी महसूल खातं. सातबारा कधी नीट वाचला नसेल तर मोबाईलवर काढून बघा. लागवडीयोग्य क्षेत्राच्या खाली एक रकाना असतो: पोटखराब क्षेत्र, लागवडीस अयोग्य. खडक, नाले, खंदक, खाणी हे सगळं त्यातल्या 'अ' वर्गात जातं. रस्ते, पाणी आणि सार्वजनिक कामासाठी राखलेलं 'ब' वर्गात. हा हिशेब साऱ्यासाठी होता. ज्यातून पीक येत नाही त्यावर सारा नको, इतकाच त्याचा अर्थ. सरकारने शेतकऱ्याला दिलेली ती सवलत होती. पण शब्द कागदावर राहत नाहीत. ज्या जमिनीतून पीक निघत नाही ती पोटातच खराब आहे, असं पिढ्यान् पिढ्या वाचल्यावर ती जमीन कुणाच्याही मनात वाचवण्यासारखी राहत नाही. दिल्लीत याच समजाला 'वेस्टलँड अॅटलस' म्हणतात. केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागाने उपग्रहाच्या चित्रांवरून केलेल्या या नकाशात झुडपी आणि गवताळ जमिनीचे मोठे पट्टे 'पडीक' म्हणून रंगवलेले आहेत. पडीक म्हणजे वापराची वाट बघणारं.

ही वाट आता फार बघावी लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन निवासी वापरासाठी अकृषिक झाली असं मानलं जातं. तुकडेबंदी कायद्यातून गावठाणालगतच्या गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या व्यवहारांना मोकळीक देण्याची घोषणाही २०२५ मध्ये विधानसभेत झाली. गावातल्या माणसाला यात दिलासा आहे, ते नाकारायचं कारण नाही. भावाभावांत वाटणी झाली, लेकाला वेगळं घर हवं, तर तहसीलचे हेलपाटे वाचतात. फक्त ही २०० मीटरची रेघ मारताना तिच्याखाली काय आहे हे कुणी पाहत नाही. काळी कसदार जमीन असो, ओढ्याचा काठ असो, नाहीतर धाविकाने अंडी घातलेला मुरूम असो, रेघ तीच.

धाविक हा पक्षी मुद्दाम घेतला. कबुतरापेक्षा लहान, विटकरी छातीचा, उडण्याऐवजी तुरुतुरु धावणारा. तो घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये, खड्यांच्याच रंगाची अंडी घालतो. त्याला झाड नको, झुडूप नको, उंच गवतही नको. आपण ज्याला 'काहीच नाही' म्हणतो नेमकं तेच त्याचं घर असतं. माळटिटवीचंही तसंच. चंडोल गवताच्या बुडाशी, खोकड बिळात, लांडगा ओढ्याच्या घळीत. माळाची वस्ती आडवी आणि जमिनीलगतची असते. वर बघायची सवय लागलेल्या डोळ्याला ती दिसत नाही.

वर बघायची सवय आपल्याला साहित्याने लावली. मराठी निसर्गलेखनाचं मोठं नाव मारुती चितमपल्ली. जन्म १९३२ चा, सोलापूरचा. म्हणजे माळाच्या ऐन मध्यातला. पण वनखात्यातल्या नोकरीने त्यांना नेलं नवेगाव, नागझिरा, मेळघाटकडे, आणि त्यांच्या लेखनाचा प्राण तिथेच राहिला. त्यांनी मराठीला शब्द दिले. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला सारंगागार, कावळ्यांच्या वसाहतीला काकागार. या शब्दांचं मोल मोठं आहे. 'सारंगागार' म्हटल्यावर ते झाड तोडायला हात जड होतो, कारण आता ते नुसतं झाड नसतं. माळासाठी असं काम करणारा चितमपल्ली मात्र मराठीला मिळाला नाही. टिटवी, चंडोल, धाविक जिथे एकत्र वीण करतात त्या मुरमाच्या तुकड्याला आपल्याकडे लोकांच्या तोंडी बसलेलं नाव नाही. विशेषणं मात्र भरपूर आहेत: उजाड, ओसाड, बोडका, भकास. 'माळरान' टाईप केलं की कीबोर्डने आधीचा शब्द 'उजाड' सुचवावा, इतकी ही जोडी पक्की झाली आहे.

याला अपवाद आहे, आणि तो मराठीतला सर्वांत मोठा आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५. शाळेत तिचा तुकडा वाचलेला असतो आणि ती 'ग्रामीण जीवनाचं चित्रण' म्हणून आपण फाईल करून टाकतो. आज ती पुन्हा वाचताना मला ती वस्ती कशी वाढते आणि कशी मरते याची गोष्ट वाटली. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, तिथे आलेला कोवळा मास्तर. वाडीला काहीतरी द्यावं म्हणून मास्तर तालमीचं मनावर घेतो. लोक राबतात, इमारत उभी राहते, राजेसाहेब येऊन उद्घाटन करतात. कुठल्याही सरपंचाला हेवा वाटावा असा विकासाचा क्षण आहे तो. आणि मग पाऊस येत नाही. चारा जातो, मेंढरं मरतात, माणसं एकेक करत वाडी सोडतात. तालीम मागे उरते.

या शेवटाकडे आपण नियतीचा खेळ म्हणून पाहत आलो. पण माडगूळकरांनी गोष्टीचा हिशेब फार चोख ठेवलाय. वाडी बांधकामावर उभी नव्हती, गवतावर उभी होती. मेंढरू गवतावर, माणूस मेंढरावर, आणि घरं त्या माणसाच्या भरवशावर. कादंबरीत माळाला कुणी सुंदर म्हणत नाही आणि कुणी भकासही म्हणत नाही. तिथे माळ चालू असलेला कारखाना आहे. तो बंद पडला की इमारतीला अर्थ उरत नाही. धाराशिव जिल्ह्यात गवत आणि वस्ती यांचं नातं आता इतकं सरळ राहिलेलं नाही, हे खरंच. जळकोटच्या माणसाचं पोट आज हायवेवर, सोयाबीनवर, पुण्या-सोलापूरहून येणाऱ्या पैशावर चालतं. तरीही शेळ्या कुठे चरतात, विहिरीला पाणी कुठून मुरतं आणि वळवाचं पाणी वाहून कुठे जातं, या तिन्ही प्रश्नांचं उत्तर अजून बरंचसं माळच आहे. प्लॉटिंगसाठी ओढा बुजवला की तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर थेट घरात येतं.

माळ म्हणजे तोडलेलं जंगल, पूर्वी इथे दाट झाडी होती, इंग्रजांनी नाहीतर मेंढरांनी ती संपवली, असंही एक म्हणणं असतं. मग त्यावर घर बांधलं काय आणि झाडं लावली काय, दोन्ही सुधारणाच. या समजुतीला धक्का देणारं काम अलीकडे साहित्याच्याच वाटेने झालं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा शोधनिबंध २०२५ मध्ये 'पीपल अँड नेचर' या नियतकालिकात आला. त्यांनी तेराव्या शतकापासूनचं मराठी वाङ्मय आणि लोकसाहित्य चाळलं, आणि त्यात स्थळासकट कुठल्या रानवनस्पतींचे उल्लेख येतात ते टिपलं. ४४ वनस्पती सापडल्या. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश उघड्या, गवताळ प्रदेशाची ओळख सांगणाऱ्या निघाल्या: काटेरी, विरळ, उन्हातल्या. अभ्यास पश्चिम महाराष्ट्राचा आहे. पण वाचून गंमत वाटली ती अशी की साडेसातशे वर्षांपूर्वीच्या लेखकांना समोरचा माळ स्वच्छ दिसत होता. बाभूळ आणि तरवड त्यांच्या लेखी नाव घेण्याजोगी होती. माळाला उजाड ठरवणं ही आपली अलीकडची कमाई.

आणि ती कमाई आपण खर्चही दणक्यात केली. राज्यात २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीची उद्दिष्टं ठरली. एवढे खड्डे खणायला जागा कुठली? जिथे 'काहीच नाही' तिथली. सोलापूर भागातल्या माळांवर तर गिरिपुष्पाची लागवड त्याआधीपासूनच झालेली आहे. मध्य अमेरिकेतून आलेलं हे झाड गवताच्या डोक्यावर सावली धरतं आणि खालचं गवत मरतं. घर बांधणारा माळ घेतो तेव्हा निदान त्याला घर तरी मिळतं. पुण्यात टेकड्यांसाठी माणसं रस्त्यावर येतात. तिथे १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं, त्यावर दशकभराहून अधिक काळ भांडण चाललं आणि २०१५ मध्ये राज्य सरकारने ते मान्य केलं. मुंबईत आरेच्या झाडांसाठी २०१९ च्या रात्री पोरं अटक करून घेत होती. टेकडीला उंची असते, झाडाला सावली असते, दोन्हींना शहरात मतदार असतात. माळाच्या बाजूने कोण येणार? मेंढपाळ निवडणुकीच्या वेळी बहुतेक दुसऱ्याच जिल्ह्यात असतो.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग अभयारण्य करा. तो प्रयोग जळकोटपासून फार लांब नसलेल्या भागातच झालाय, आणि मराठीत त्याच्यावर एक जाड कादंबरी अजून लिहिली गेली नाही याचं मला आश्चर्य वाटतं. १९७९ मध्ये माळढोकसाठी सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. आकडा पुन्हा वाचा. त्यात गावं होती, बाजारपेठा होत्या, उसाचे फड होते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या गवताळ तुकड्यांत पक्षी होता आणि अभयारण्य तालुकेच्या तालुके पसरलेलं. जमिनीची खरेदी-विक्री, बांधकामाची परवानगी, कर्ज, सगळ्यांत हे नाव आडवं येऊ लागलं. पाहिला नाही असा पक्षी लोकांच्या शिव्या खात राहिला. उजनीचं पाणी आलं, ऊस पसरला, गवत आक्रसलं, आणि कागदावर मात्र जगातली मोठी जागा माळढोकाची होती. शेवटी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर महाराष्ट्रात माळढोक दिसणं हीच बातमी झाली होती. एका वेळी सहसा एकच अंडं घालणारा पक्षी अशा चुकांना वेळ देत नाही.

समीक्षकाच्या भाषेत सांगायचं तर ती अधिसूचना म्हणजे संपादकाच्या हाताखालून न गेलेलं पुस्तक होतं. विषय उत्तम, कळकळ खरी, आणि पाल्हाळ इतका की मुद्दा हरवला. प्लॉटिंगच्या २०० मीटरच्या रेघेत आणि या ८,४९६ चौरस किलोमीटरच्या रेघेत मला एकच दोष दिसतो. दोन्ही आखताना कुणी खाली उतरून जमीन वाचली नाही. एकीने सगळं दिलं, दुसरीने सगळं अडवलं.

आता अवघड भाग. माळ म्हणताना त्यात गायरानही येतं, आणि मराठवाड्यात गायरान हा शब्द पक्ष्यांच्या यादीने संपत नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह मराठवाड्यात १९५३ मध्ये झाला. पुढे एकनाथ आवाड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गायरान कसणाऱ्या दलित कुटुंबांच्या हक्कासाठी आयुष्य घातलं. गावात ज्याला गुंठाभर जागा कुणी दिली नाही त्याने गायरानावर चूल मांडली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करण्याचा निकाल दिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या गायरानांवरची अतिक्रमणं वर्षअखेरपर्यंत हटवायला सांगितलं तेव्हा सरकारी आकडा दोन लाख बावीस हजारांहून जास्त बांधकामांचा निघाला. नोटिसा निघाल्या, मोर्चे निघाले, आणि शासनाला सबुरीची भाषा करावी लागली.

म्हणून 'माळ वाचवा' ही घोषणा द्यायला माझी जीभ कचरते. ती उच्चारली की पहिला बुलडोझर पत्र्याच्या घरावर जातो, कमानीवाल्या प्लॉटिंगवर जात नाही. पुन्हा शब्दांचाच खेळ बघा: गरजेने बांधलेल्या खोलीला अतिक्रमण म्हणतात आणि गुंतवणूक म्हणून घेऊन दहा वर्षं कुंपण घालून ठेवलेल्या रिकाम्या प्लॉटला विकास. रिकामा तर तोही आहे. फक्त त्याच्या रिकामेपणाला भाव आहे. वन्यजीव आणि गरिबाचं घर यांच्यात भांडण लावून देणारं नियोजन या तिसऱ्या पक्षाबद्दल गप्प बसतं, आणि मला वाटतं ते सोयीने गप्प बसतं. घरं किती लागणार हा प्रश्न आधी विचारला तर आकडा फार भयंकर येणार नाही. गावठाणात पडक्या वाड्यांचे, कुलूप लावलेल्या घरांचे, वारस पुण्यात गेल्याने ढासळलेल्या भिंतींचे किती खण आहेत? २०२० पासून स्वामित्व योजनेत सरकारने गावठाणांवर ड्रोन उडवून घरन् घर मोजलंय. माहिती आहे. घरकुलाची जागा शोधताना ती आधी उघडायला काय लागतं?

बाहेर वाढणारच असेल तर तेही बघू. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. प्रत्यक्षात ती कोपऱ्यात असते, तिच्यावर पेव्हर ब्लॉक असतात, आणि पुढे मंदिर. दहा लेआउटच्या दहा वेगवेगळ्या कोपऱ्यांचा माळ होत नाही. हेच दहा टक्के ओढ्याच्या काठाला सलग आले तर खोकडाला जायला वाट राहते, आणि पुराच्या पाण्यालाही.

वाट हा शब्द इथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ आला. यवतमाळच्या टिपेश्वरमधून, सुमारे ५०० किलोमीटर चालून. अभयारण्य केवढं, तर २२ चौरस किलोमीटरच्या आसपास. बातम्या वाघाच्या झाल्या, मीम झाले, भीती झाली. ५०० किलोमीटरच्या वाटेवर कुणी लिहिलं नाही. मधे एवढं सलग जंगल नाहीच. तो आला असणार तो ओढ्यांच्या काठाने, बांधांवरून, माळाच्या पट्ट्यांतून, तुरीच्या शेतांतून. म्हणजे सातबाऱ्यावर ज्याला पोटखराब म्हणतात त्याच्यातून बराच.

ही जमीन वाचण्यासाठी एक पुस्तक खरं तर कायद्यानेच लिहायला सांगितलंय. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायला हवी. कल्पनेमागे माधव गाडगीळ यांचं काम आहे: गावातल्या जाणत्यांनी सांगायचं, पोरांनी लिहायचं, कुठल्या शिवारात कुठलं गवत, कुठल्या ओढ्यात कुठला मासा. मला ही मराठीतली सर्वांत महत्त्वाची न झालेली ग्रंथमाला वाटते. लेखक गाव, विषय गाव, वाचक गाव, आणि लेआउट मंजूर करणारा अधिकारीही. पवन्या, मारवेल, कुसळी, शेडा ही गवतांची नावं ज्या बायकांना पेंढी बांधता बांधता ओळखू येतात त्या या पुस्तकाच्या लेखिका असायला हव्या होत्या. प्रत्यक्षात राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, चुकल्यास राज्याला महिन्याला १० लाखांचा दंड सांगितला, आणि देशभर वह्या घाईने भरल्या गेल्या. घाईत भरलेल्या वहीत काय येतं ते ओळखीचं आहे: आंबा, कडुलिंब, वड, चिंच, मोर, चिमणी.

तरी वही उघडी आहे. तिच्यात भर घालता येते, आणि जळकोटच्या ग्रामसभेत ती मागायला कुणालाही वकील लागत नाही. फक्त महिने पाळावे लागतील. माळाचं गवत ओळखायचं तर भाद्रपद-अश्विनात, तुरे आलेले असताना. धाविकाची अंडी बघायची तर उन्हाळ्यात, मुरूम तापलेला असताना, आणि पाय जपून टाकत. मुदत पडली होती ती जानेवारीत, तेव्हा गवत कापून गंजी लागलेली असते आणि माळ खरोखरच रिकामा दिसतो.